आपली चिंता आपण नेमकी कोणावर टाकतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या दिवसांत पालकांवरच्या ताणाविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते. मुलांचा आहार, झोप, मोबाइलचा वापर, अभ्यासाचे वेळापत्रक अशा अंगांनी तो विचार मांडलेला असतो आणि तो उपयोगीही असतो. परंतु ज्या घरांत अशा ताणावर पहिला उपाय म्हणून गुडघे टेकून प्रार्थना केली जाते, त्या घरांतल्या आईवडिलांच्या मनात या दिवसांत काय चालते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातली आई आहे. आमच्याकडे चार पिढ्या पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचले जाते, आणि तरीही त्यातल्या एका ओळीचा अर्थ मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तोही माझ्या मुलीच्या तोंडून कळला. तो कळायला उशीर झाला आणि त्याचा त्रास तिला भोगावा लागला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०२३-२४ या वर्षी माझी मुलगी लातूरला वसतिगृहात राहून दुसऱ्यांदा ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. आदल्या वर्षी तिला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नव्हते. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या पुढे; त्यातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या, म्हणजे आमच्यासारख्यांना परवडणाऱ्या जागा साधारण निम्म्याच. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण पालकांची चिंता हा मनाचा नुसता खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी हा हिशेब मांडून पाहावा. कुणाची श्रद्धा थोडी आहे म्हणून ही चिंता उद्भवत नाही. साध्या भागाकारातूनही ती उद्भवते.

त्या वर्षभर मी रात्री तीनच्या सुमारास जागी होत असे आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटची किती वाजता दिसली होती ते पाहत असे. साडेअकरा दिसले तर ही अभ्यास सोडून काय करत होती असे वाटे. अडीच दिसले तर ही झोपत का नाही म्हणून जीव खालीवर होई. मन चिंती ते वैरी न चिंती असे आपल्याकडे म्हणतात, त्याचा पुरेपूर अनुभव मी त्या अंधारात घेतला. सरावाच्या एखाद्या चाचणीत तीस गुण कमी पडले की पुढच्या दहा वर्षांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राही आणि त्यात एकही चांगली गोष्ट नसे.

रोज रात्री साडेनऊला मी तिला फोन करत असे आणि फोन ठेवण्यापूर्वी आम्ही दोघी प्रार्थना करत असू. हा नेम तिने घर सोडले त्या दिवसापासूनचा होता, आणि आपण मुलीसाठी करतो त्यातली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मी म्हणत असे, हे प्रभू, हिची बुद्धी तल्लख ठेव, फिजिक्समध्ये होणाऱ्या चुका थांबव, हिला साडेसहाशेच्या पुढे ने, आम्ही केलेला खर्च आणि कष्ट वाया जाऊ देऊ नकोस. शेवटी दोघी मिळून ‘आमेन’ म्हणत असू. डिसेंबरात कधीतरी तिचा आमेन ऐकू येईनासा झाला. नेटवर्क गेले असेल असे मला वाटले.

त्याच सुमारास आमच्या महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत मी एकदा मनातले सगळे बोलून गेले. मला झोप लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, असे मी म्हटले. एका भगिनीने लगेच शास्त्र उघडून फिलिप्पैकरांस पत्रातले वचन वाचले, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’, आणि अत्यंत प्रेमाने मला सांगितले की तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे, तो वाढावा म्हणून आपण प्रार्थना करू. तिचा हेतू चांगला होता, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या दिवशी मी घरी आले ती दोन ओझी घेऊन. मुलीची चिंता तर होतीच, आता त्यात चिंता करण्याच्या पापाचीही भर पडली होती. त्यानंतर सभेत कुणी विचारले की मी ‘प्रभूच्या कृपेने सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणू लागले. आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांत, हे वाक्य म्हणून गप्प बसलेले किती आईबाप असतील, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

५ मे २०२४ ला परीक्षा झाली, ४ जूनला निकाल लागला. पुढे त्या परीक्षेविषयी देशभर जो गोंधळ झाला तो वाचकांना आठवत असेल. पेपर फुटल्याचे आरोप, वाढीव गुण, काही मुलांची फेरपरीक्षा असे सगळे होऊन अखेर २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सर्वांची परीक्षा पुन्हा घेण्यास नकार दिला. तोपर्यंतचे सात आठवडे आमच्यासारख्या लाखो घरांत कुणालाच काही कळत नव्हते. माझ्या मुलीला साडेसहाशे गुण पडले नव्हते. परीक्षा पुन्हा होणार की नाही, अभ्यास चालू ठेवायचा की पुस्तके बांधून ठेवायची, दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा की थांबायचे, हे रोज नव्याने ठरत होते आणि रोज मोडत होते. जूनच्या शेवटी एका रात्री घरीच तिचा श्वास अडकू लागला, हातपाय बधिर झाले, मी मरणार असे ती म्हणू लागली. दवाखान्यात नेले, ईसीजी काढला, हृदय उत्तम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा अशी चिठ्ठी दिली.

दवाखान्यातून पहाटे घरी आल्यावर मी तिच्या उशाशी बसून नेहमीप्रमाणे प्रार्थना सुरू केली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘आई, थांब. तू प्रार्थनेत माझे गुण सांगतेस ना, तेव्हा मला आमेन म्हणता येत नाही. कित्येक महिने म्हणता आले नाही. देवाला सांगते आहेस असे तुला वाटते, पण ऐकत असते मी.’’

हे ऐकून मी किती वेळ तशीच बसून राहिले, ते मला सांगता येणार नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातले वचन आमच्याकडे घराघरांत भिंतीवर लावलेले असते: त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मी हे वचन लहानपणापासून पाठ म्हणत आले. माझी चिंता मी टाकत होते, यात खोटे काही नव्हते. पण ती मी देवावर टाकत नव्हते, देवाचे नाव घेऊन रोज रात्री साडेनऊला एकोणीस वर्षांच्या मुलीवर टाकत होते. फोन ठेवल्यावर मला थोडे हलके वाटे, आणि ती मात्र ते ओझे उशाशी घेऊन लातूरला जागी राहत असे.

या वचनाचा मराठी अनुवाद मला त्यानंतर निराळाच दिसू लागला. त्यात दोन शब्द आहेत, चिंता आणि काळजी. आपल्या भाषेत काळजी हा शब्द मोठा विलक्षण आहे, कारण तो दोन्हीकडे चालतो. आपण काळजी करतो आणि आपण काळजी घेतो. फक्त क्रियापद बदलते, आणि सगळेच बदलते. काळजी करण्यात माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. काळजी घेण्यात समोरचा जेवला का, झोपला का, रडवेला का दिसतो, याकडे लक्ष जाते. मी वर्षभर मुलीची अपार काळजी केली. डिसेंबरात तिचा आमेन बंद झाला तेव्हा काळजी घेणाऱ्या आईने पहिली एसटी धरली असती. मी नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला.

शास्त्राकडे आता पुन्हा वळते, कारण या विषयात आमच्या उपदेशांतून जे अर्धेच सांगितले जाते ते पूर्ण सांगणे मला आवश्यक वाटते. ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले ते बंदिवासातून लिहिले, हे आपण विसरतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आपला सहकारी तीमथ्य याची स्तुती करतो, की तुमची मनापासून काळजी करील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे तेच चौथ्या अध्यायात ‘चिंता करू नका’ म्हणताना वापरलेले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो आपल्यावर रोज येणाऱ्या दडपणाविषयी आणि सर्व मंडळ्यांविषयी वाटणाऱ्या चिंतेविषयी उघडपणे लिहितो. म्हणजे ज्याने चिंता करू नका म्हटले, त्याने स्वतःची चिंता लपवली नाही. मला त्या सभेत जे वचन ऐकवले गेले, त्याचा पुढचा भागही त्याच ओळीत आहे: सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आपली मागणी देवाला कळवा. कळवायचे म्हणजे आधी ते तोंडातून बाहेर पडले पाहिजे. ज्या सभेत आईबापांना आपली भीती बोलून दाखवायची लाज वाटते, तिथे या वचनाचा पहिला अर्धा भाग तेवढा वाचला जातो.

प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनातही, उद्याची चिंता करू नका असे म्हटल्यावर जे कारण दिले आहे ते फार मोकळ्या मनाने दिलेले आहे: ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे. दुःख नाही असे तो म्हणत नाही. आजच्या दुःखाला आजचा दिवस लागतो, त्यात उद्याचे घालू नका, एवढेच त्याचे सांगणे आहे. काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे याची रोजची विवंचना असलेल्या माणसांपुढे हे शब्द बोलले गेले होते.

आणि येशूची आई मरीया. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ती कथा येते. वल्हांडण या यहुदी सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू यरुशलेमेतच मागे राहिला. सोबतच्या लोकांत असेल असे समजून आईबाप एका दिवसाची वाट चालून गेले, मग नातेवाइकांत शोधले, मग माघारी फिरले, आणि तो त्यांना सापडला तो तीन दिवसांनी, मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला. देवदूताने जिला सांगितले होते की तुझा पुत्र थोर होईल, ती आई त्याला म्हणते, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? तुझा पिता आणि मी कष्टी होऊन तुझा शोध करत होतो. देवाचे वचन हाती असूनही ती कष्टी झाली. शुभवर्तमान लिहिणाऱ्याने तिचे ते वाक्य गाळले नाही आणि तिला कमी विश्वासाची म्हटले नाही. आमच्या नाताळच्या नाटकांत मरीया दरवर्षी शांतपणे गव्हाणीजवळ बसलेली असते. गर्दीत मूल हरवलेली, धापा टाकत शहराकडे परत धावणारी मरीया मी कुठल्याच नाटकात पाहिली नाही. मला त्या वर्षी ती दिसली असती तर फार आधार वाटला असता.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर मला पंडिता रमाबाईंचे नाव आठवते. दुष्काळात आईवडील गमावलेली, तरुण वयात विधवा झालेली ही बाई, एकुलती एक मुलगी मनोरमा लहान असताना तिला घेऊन समुद्रापार गेली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया तिच्या आश्रयाला आल्या, आणि मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. म्हणजे ‘उद्याची चिंता करू नका’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले आहे. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. विश्वास ठेवला की आपल्या मुलांना काही होत नाही, असे आमच्या साक्षींमधून, म्हणजे सभेत सांगितलेल्या श्रद्धेच्या अनुभवांमधून, जे सुचवले जाते, ते या आईच्या आयुष्यापुढे टिकत नाही. तरीही तिचा विश्वास खोटा होता असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मुलांना काही होणार नाही याची हमी म्हणून जी श्रद्धा बाळगली जाते, ती पहिल्याच वाईट बातमीला कोसळते. जे काही होईल त्यात आपण एकटे असणार नाही, एवढाच आधार श्रद्धेकडून मागितला तर तो मिळतो. मला तो मिळाला, म्हणून एवढे ठामपणे लिहिते.

तो आधार मिळाला, तो दोन माणसांच्या रूपाने. आमच्या मंडळीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी जुलैमध्ये रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसत. त्यांनी एकही वचन सांगितले नाही. मेथी निवडत, माझ्या मुलीच्या केसांना तेल लावत, चहा घेऊन जात. एकदाच म्हणाल्या, ‘‘माझा मुलगा दोन वर्षे घरातून निघून गेला होता तेव्हा मला प्रार्थनाच येत नव्हती. दुसऱ्यांनी केलेली ऐकत होते.’’ दुसरे म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब. मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे की आधी उपवास-प्रार्थना करावी, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, मिरजेला मिशनच्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला, तो प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नाही. तुम्ही उद्याची वेळ घ्या, मी गाडी घेऊन येतो.’’ आणि ते आले. ख्रिस्ती समाजाने महाराष्ट्राला मिरज, जालना, वडाळा अशा ठिकाणी रुग्णालये दिली, शेकडो परिचारिका दिल्या. त्याच समाजात मनाच्या आजारासाठी डॉक्टरांकडे जाणे हे विश्वासाच्या आड येते असे मानले जावे, याचे मला फार दुःख होते. मुलीवर आठ महिने उपचार झाले, औषधे होती, समुपदेशन होते. त्या काळात आम्ही प्रार्थनाही करत होतो आणि गोळीची वेळही पाळत होतो.

उपचारांच्या निमित्ताने डॉक्टरांनी मलाही काही प्रश्न विचारले, आणि माझ्या पतींनाही. तेव्हा कळले की तेही दीड वर्ष रात्री जागे असत. मी तीनला उठून फोन पाहत असे तेव्हा ते पाठ करून डोळे मिटून पडलेले असत, मला काळजी नको म्हणून. आमच्याकडे प्रार्थनासभांमधून रडतात त्या बायका. पुरुष मागच्या बाकावर बसून वर्गणीचा हिशेब बघतात. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप गर्दीसमोर मोठ्याने ओरडतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात, एकाच श्वासात, आणि प्रभूने त्याला परत पाठवले नाही. माझ्या पतींनी हा उतारा डॉक्टरांकडून परत येताना गाडीत मला वाचून दाखवला आणि मग गाडी बाजूला घ्यावी लागली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या मुलांची घरे सर्व धर्मांची आहेत. त्यांतल्या पुष्कळ घरांत देवापुढे दिवाही लागत असेल, नमाजही होत असेल, प्रार्थनाही होत असेल. म्हणून हे पत्र केवळ माझ्या समाजापुरते नाही. नवस बोलताना, अभिषेक करताना, दुआ मागताना मूल शेजारी उभे असते आणि आपण देवाकडे काय मागतो ते ऐकत असते, हे कोणत्याही घरात खरे आहे. ज्यांना कुणाशी बोलायचे सुचत नाही, त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या फलकावर उपासनेच्या वेळापत्रकाखाली लिहिलेला असावा, अशी माझी विनंती आहे.

माझी मुलगी सध्या पुण्यात फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाला आहे. ती पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अजून तिचे हात गार पडतात. मीही पूर्ण बरी झालेले नाही. अजून एखाद्या रात्री जाग येते आणि हात फोनकडे जातो. पण साडेनऊचा नेम चालू आहे. आता मी आकडे मागत नाही. आज काय झाले ते ती मला सांगते, मी तिला सांगते, आणि मग तेच आम्ही प्रभूला सांगतो, जसेच्या तसे. माझ्या भीतीचे जे काही उरते ते मी फोन ठेवल्यावर, स्वयंपाकघरातला दिवा बंद करून, एकटी असताना सांगते.

आमच्या मंडळीत दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना वेदीसमोर बोलावतात, त्यांची हॉल तिकिटे पुढे ठेवून त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना होते, आणि आम्ही आईबाप बाकांवर बसून त्यांच्या पाठी पाहत असतो. यंदा मी पाळकसाहेबांना अर्ज दिला आहे, की मुले जागेवर जाऊन बसल्यावर आम्हा आईबापांनाही पुढे बोलवावे, आमच्या हातांत काहीही कागद नसताना. त्यांनी होकार दिला आहे. इतर मंडळ्यांनीही या वर्षी असे करून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र आपण छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक आई, अहिल्यानगर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)